सर्वानुमते

एकदा एका गावच्या शाळेच्या कारभारी मंडळात पाचवी खुर्ची मांडली गेली. आधी चारच होत्या, आणि चारही पेठेतल्या. ओढ्यापलीकडे टोपल्या आणि सुपे विणणाऱ्या बुरुडांची मोजकी घरे होती. त्यांची मुले शाळेत येऊ लागली, तेव्हा त्यांचाही एक माणूस मंडळात असावा असे ठरले. वस्तीने केरबाला पाठवले. गावाबाहेर राहणाऱ्या एका वृद्ध आचार्यांचा तो शिष्य. पहिल्या दिवशी मंडळाने त्याला फेटा बांधला, नारळ दिला.

मंडळाची रीत साधी होती. प्रमुख होते धान्याचे मोठे व्यापारी. ते विषय सांगत, मग विचारत, "कुणाची हरकत?" कुणी बोलले नाही की म्हणत, "सर्वानुमते." मग चहा येई.

त्या दिवशीचा विषय जागेचा होता. शाळेत गर्दी होते, म्हणून वस्तीच्या मुलांचा वर्ग मागच्या खोलीत भरवावा. गर्दी हे निमित्त होते. पेठेतल्या पालकांना बुरुडांची मुले आपल्या मुलांच्या मांडीला मांडी लावून बसलेली नको होती, हे पाचही जणांना ठाऊक होते. मागच्या खोलीची भिंत आतल्या बाजूला पोट सुटल्यासारखी फुगली होती. नुसता हात लावला तरी माती झरायची.

"कुणाची हरकत?" व्यापाऱ्यांनी विचारले.

केरबाने व्यापाऱ्यांकडे पाहिले. वस्तीच्या साऱ्या टोपल्या याच माणसाच्या वखारीत जात. वखार बंद झाली तर चुली बंद.

"बोल की केरबा. तुझ्यासाठीच तर खुर्ची मांडलीय," व्यापारी प्रेमाने म्हणाले.

"सगळ्यांना चालतंय, तर मला काय..."

"शहाणा आहे पोरगा. सर्वानुमते."

केरबा घरी गेला नाही. वस्ती टाळून तो शेतांमधून आचार्यांकडे गेला आणि झाले ते सांगितले. "मी एकटा होतो, आचार्य. बोललो असतो तरी तेच ठरलं असतं."

"वस्तीत सांगितलंस?"

"अजून नाही."

"का?"

केरबा उठून वाटेला लागला. आचार्यांनी त्याला थांबवले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेचा निरोप आला म्हणून वस्तीतल्या आया मुलांना घेऊन मागच्या खोलीशी आल्या, तो आत आचार्य. फुगलेल्या भिंतीला पाठ टेकून ते चटईवर शांत बसले होते. म्हाताऱ्याचे डोके फिरले की काय, म्हणून कुणीतरी केरबाला बोलावून आणले. तो दारातच गारठला. आचार्यांच्या खांद्यावर माती झरत होती.

"आचार्य, उठा."

"का रे?"

"भिंत पडेल."

"असं कसं? ही तर सर्वानुमते बसायची जागा. तुझंही मत आहे हिच्यात."

"चेष्टा नका करू. उठा आधी," केरबा एवढ्या मोठ्याने ओरडला की पेठेत ऐकू गेले. त्याने धावत जाऊन त्यांना दंडाला धरून बाहेर ओढले. "पोरांना लांब न्या. कुणी आत जायचं नाही."

साळूमावशी, जिची दोन नातवंडे शाळेत होती, त्याच्याकडे रोखून पाहत राहिली. "काल मंडळात होतास ना तू? तिथं काय बोललास?"

"काही नाही, मावशी."

"मग तुला कशाला धाडलं? गप बसायला मीच गेले असते. मला चहाही आवडतो."

कुणी हसले नाही.  आचार्यांनी केरबाला जवळ बसवले.

"निर्भय हो, असं मी सांगणार नाही," ते म्हणाले. "तसं सांगणारे बहुधा सुरक्षित जागी बसलेले असतात. काल तू चार माणसांच्या नजरेला भ्यालास, आज भिंतीला. काल वाचा गेली, आज आवाज फुटला. कुणासाठी भ्यायचं, एवढं प्रतिनिधीच्या हातात असतं. तुझ्या एका मतानं निर्णय बदलला नसता, हे खरं. पण तुझ्या मौनातून त्यांना एक शब्द मिळाला, सर्वानुमते. उद्या ही भिंत पडली तर जाब कुणाला विचारायचा? सर्वांना. म्हणजे कुणालाच नाही. तो शब्द त्यांना देऊ नकोस."

दुपारी केरबाने मंडळ पुन्हा बोलवायला लावले. आया दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

"झालेला विषय उकरू नये," व्यापारी म्हणाले. "काल सर्वानुमते झालंय."

"सर्वानुमते म्हणू नका, शेठ. माझी हरकत आहे."

"काल नव्हती."

"काल भ्यालो होतो. आजही भ्यालोय."

"बरं. चार विरुद्ध एक. झालं?"

"चालेल. फक्त चौघांनी एकेकानं बोलावं. 'पोरं त्या भिंतीखाली बसावीत असं माझं मत आहे', एवढंच. या आया ऐकतील."

व्यापाऱ्यांनी शेजारी पाहिले. "बोला, वैद्यबुवा."

वैद्यबुवांनी घसा खाकरला. "माझं म्हणणं नुसतं गर्दीपुरतं होतं."

"पाटील?"

"विषय तुमचा आहे, शेठ. तुम्हीच आधी बोला."

चौथ्याने वर पाहिलेच नाही. काल सर्वांच्या नावाने सहज ठरलेली गोष्ट आज एकाच्याही तोंडून निघेना. व्यापाऱ्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. भय आता टेबलाच्या त्या बाजूला जाऊन बसले होते.

"बसू द्या पोरांना पुढच्या वर्गात," ते शेवटी म्हणाले. मग केरबाकडे झुकून, हलक्या आवाजात, "टोपल्यांचं मात्र बघावं लागेल हं आता."

 ही गोष्ट एकट्याने गिळावी, असे केरबाला क्षणभर वाटले. मग तो दाराकडे वळला.

"मावशी, शेठ म्हणतात, टोपल्यांचं बघावं लागेल."

 साळूमावशीने पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला.

"ऐकलं," ती म्हणाली. "त्याला काय भ्यायचं ते आम्ही सगळी मिळून भिऊ. तू बस खुर्चीवर."

केरबा बसला.

आपल्या गावच्या शाळेतही असे ठराव होतात. 'सर्वानुमते' हा शब्द कानी पडला, तर टाळी वाजवण्याआधी पाहावे, गप्प कोण बसले होते.