नाकाला झोंबणारे खत

एका जंगलाला लागून असलेल्या कुरणात रानम्हशींचा कळप राहत असे. कळपाचा म्होरक्या होता एक धिप्पाड रेडा; शिंगे लांब, पण धीर आखूड. त्या उन्हाळ्यात गवत पार खुरटले. एका म्हशीचे दूध आटले आणि तिचे रेडकू उभे राहतानाही लटपटू लागले.

एके दिवशी कोल्हा बातमी घेऊन आला. "महाराज, वाटेवर गाडीतून युरियाचे पोते पडले आहे. यानेच माणसांची शेते हिरवीगार होतात!" रेड्याने पोते लगेच ओढून आणले. तेव्हा रेडकाची आई गयावया करू लागली, "महाराज, आज टाकू नका. मी माणसांना बांधावरून पाहिले आहे. जमीन चांगली भिजते, कोंब वर येतात, तेव्हाच ते हे खत टाकतात. तोवर आपले कुजलेले शेण पसरू. ते हळू लागू पडते, पण मातीत टिकते."

"शेण?" रेडा फुरफुरला. "असले पांढरेशुभ्र खत दारात असताना शेण? आणि पोर तुझेच उपाशी आहे ना? मग मला कसली थांबायला सांगतेस!" रेड्याने पोते फाडले आणि भर उन्हात कुरणभर दाणे उधळले.

संध्याकाळी चार शिंतोडे पडले, दाणे विरघळण्यापुरते. दुसऱ्या दिवशी ऊन तापले आणि असा उग्र वास सुटला की सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. "बघा, खत किती कडक आहे!" रेडा म्हणाला. सारा कळप आनंदाने हंबरला. मुलांनो, खताची ताकदच वाऱ्यावर उडून चालली होती आणि हे शहाणे तिच्या वासावर नाचत होते!

पुढे पाऊस भरपूर झाला, पण गवत उगवले ते विरळ आणि पिवळे. हिरवे होते ते फक्त जुन्या शेणाच्या ढिगाभोवती, दोन घासांना पुरेल एवढे. म्हशीला पान्हा फुटला नाही. एका सकाळी रेडकू उठलेच नाही.

"पोर मुळातच अशक्त होते," रेडा म्हणाला. "नाहीतर माझ्या खतात काय कमी होते?" कळपाने माना डोलावल्या. सांत्वनाला सर्वांत आधी कोल्हा आला आणि कळप पुढे निघून गेल्यावरही तिथेच थांबला. त्या दिवशी तो उपाशी झोपला नाही.

तात्पर्य : अवेळी केलेला उपाय वाऱ्यावर जातो, आणि तो करणारा बलवान असेल, तर दोष मात्र मेलेल्याच्या माथी बसतो.