नकाशावरची पांढरी जागा

"मग आता तरी मी तयार झालो म्हणायचं ना, बाई?"

इंद्रजितने लॅपटॉप जवळजवळ घोलपबाईंच्या मांडीवरच ठेवला. बाई संख्याशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापक. तालुक्यातली मुलं डेटा सायन्स शिकायला त्यांच्याच ओसरीवर येत. त्यांत इंद्रजित सगळ्यांत हुशार, आणि हे त्याला कुणी सांगायची गरज नसे.

"बिबट्या दिसल्याच्या चार हजार नोंदी! मॉडेल शंभरात शहाण्णव वेळा बरोबर येतं. आणि गंमत बघा, बिबट्या मोबाइल टॉवरच्या आसपासच फिरतो. हे अजून कुणालाच माहीत नाही, बाई!"

त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. पिंजरे कुठे लावायचे, ते उद्या याच नकाशावरून ठरणार होतं. वनखात्याला त्यावर फक्त बाईंची सही हवी होती.

बाईंनी नकाशावरच्या एका पांढऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"इथे?"

"शून्य. एकही बिबट्या नाही."

"चल, तिथे चहा पिऊ." बाईंनी चपला पायांत सरकवल्या.

डोंगरामागच्या त्या वाडीत दोघं पोचली, तेव्हा ऊन कलत होतं. तान्हुबाई नावाची एक म्हातारी लगबगीने शेळ्या कोंडत होती.

"इतक्या लवकर, आजी?" इंद्रजितने विचारलं.

"मंग? परवा बिबट्यानं दोन नेल्या की."

"आणि तुम्ही फोन नाही केलात? नंबर दिलाय ना सगळ्यांना!" इंद्रजित ओरडलाच.

म्हातारी हसली. "तूच लाव की बाबा."

त्याने मोबाइल काढला. हात उंच करून पाहिला. मग दगडावर चढून पाहिला. रेंज शून्य…

"बाई!" त्याने दगडावरून उडीच मारली. "फोन लागतो तिथलेच बिबटे माझ्याकडे आले! नकाशा द्यायचा नाही. उद्यापासून वाडी-वाडी फिरतो, घरोघर विचारतो!"

चूक सापडल्याचा एवढा आनंद त्याला आयुष्यात कधी झाला नव्हता. मग जरा दम खाऊन त्याने विचारलं, "आता खरं सांगा. यातला जाणकार व्हायला मी आणखी काय शिकू?"

घरातून तान्हुबाईचा कुत्रा शेपूट हलवत आला. त्याच्या गळ्यात जाड पट्टा होता, आणि पट्ट्यातून बोटभर लांबीचे खिळे बाहेर आले होते. बिबट्या मानच धरतो, म्हणून.

बाईंनी कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"तुझ्या तक्त्यात हा पट्टा कुठल्या रकान्यात लिहिशील?"