सुपाची थाप

कोंबड्या बोलत असत तेव्हाची गोष्ट. सगुणाकाकूंनी सुपावर थाप मारली की दाणे मिळतात, हे पिल्लांच्या अंगात भिनलं होतं. बोका तीच थाप शिकला आणि धावत गेलेलं एक पिल्लू त्यानं मटकावलं.

"थाप ऐकली की पाय आपोआप धावतात गं आई!" पिल्लं रडली.

"मग आणखी कुणाचे तरी धावू देत," चंद्री कोंबडी म्हणाली. काकूंची थाप पडली की ती सुपाशी भाकरीचा तुकडा टाकून झोपाळू खंड्या कुत्र्याला बोलावू लागली. पुढे न बोलावताच खंड्या थापेसरशी लाळ गाळत धावे.

एके दुपारी काकू शेतात असताना बोक्यानं सूप वाजवलं. पिल्लांच्या आधी खंड्या पोचला! बोका जीव मुठीत धरून शेवग्यावर चढला.

"वाजव की रे," चंद्री खालून ओरडली, "थांबलास का?"