चौघांचं वाजवणं

"मग गाणारं माणूस लागतंच कशाला, मास्तर?"

इलाही मास्तर सुईत दोरा ओवत होते. दोरा काही जाईना. त्यांनी टोक ओलं केलं आणि परत नेम धरला.

"मास्तर, मी विचारतोय."

"ऐकू येतंय. दोरा जाऊ दे की आधी."

लग्नसराई तोंडावर आली होती. बँडचे लाल कोट उन्हात टाकून झाले होते, आणि तुटलेली बटणं लावायला आम्ही दोघं तासगावच्या आमच्या बँडच्या दुकानात बसलो होतो. मास्तरांनी पन्नास वर्षं वरातीपुढं क्लॅरिनेट वाजवलं. त्यांच्या मागं मी ढोल वाजवला.

समोर बसला होता तो अभिनंदन मगदूम. दहा वर्षांचा असताना याच दुकानात क्लॅरिनेट शिकला. पुढं पुण्याला गेला आणि मित्रांबरोबर त्यानं स्वतःचा बँड काढला. वरातीचा नव्हे, तिकीट काढून ऐकायचा. नाव 'तिसरा मजला'. यंत्रमागाचा खडखडाट, कुकरच्या शिट्ट्या, असलं काय काय घेऊन ते त्याचं संगीत करत. चौघं वाजवत आणि प्रणिता नावाची मुलगी गात असे. आठ वर्षं लोक तो बँड तिच्या आवाजावरून ओळखत होते.

या वर्षी प्रणिताची आई अंथरुणाला खिळली. मुलगी सहा महिन्यांपासून अकोल्याला आईपाशी होती. तेवढ्यात चौघांनी तिच्यावाचून एक अल्बम केला. बाजूचं काम म्हणून.

आता अभिनंदनला ते बाजूचं ठेवायचं नव्हतं. "यापुढं आम्हाला गाणारं कुणी नको, तू परत येऊ नकोस," असा निरोप त्यानं फोनवर लिहून ठेवला होता. पाठवला मात्र नव्हता. आधी मास्तरांनी अल्बम ऐकून 'बरोबर केलंस' म्हणायला हवं होतं.

मास्तरांनी ऐकला होता. पाऊण तास, डोळे मिटून.

"मग? कसा वाटला?"

"तिसऱ्या गाण्यात कुकर वाजतो."

"तो मुद्दाम आहे, मास्तर."

"सात शिट्ट्या झाल्या. डाळीचा पार गाळ झाला असंल."

मी हसलो. अभिनंदन हसला नाही.

"पाच तास गाडी चालवत आलोय मी. डाळीचं ऐकायला नाही आलो."

मास्तरांनी बटण कोटावर धरून पाहिलं.

"मधून मधून वारं येतं," ते म्हणाले.

"वारं?"

"तुमच्या वाजवण्यात. फट राहिल्यासारखं."

अभिनंदनचा चेहरा एकदम खुलला. "ती मोकळी जागा आहे! तीच तर गंमत आहे. गाणं असलं की सगळं भरून जातं. आम्ही ती जागा मोकळी सोडली."

"सोडली?"

"हो."

"बरं."

"बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे बरं."

अभिनंदन उठला. दारापर्यंत गेला आणि परत आला. दुकान एवढंसं, दोन पावलांत संपलं.

"तुम्हाला माहीत नाही ती कशी आहे. एका ओळीला तीन-तीन दिवस घेणार. आम्ही चौघांनी हातात वाद्यं धरून तोंडाकडं बघत बसायचं. आणि एक जागा आहे तिच्या गाण्यात. तिथं एक सूर ताणून धरते. झालं! लोक टाळ्या पिटतात. प्रत्येक कार्यक्रमात, त्याच जागेला. खाली मी वाजवत असतो, ते कुणाला ऐकूसुद्धा येत नाही. तिच्यावाचून अकरा दिवसांत सगळा अल्बम झाला, मास्तर. अकरा!"

"घाई होती कुणाला?"

तो परत खाली बसला.

"आणि नवीन काय त्यात?" मास्तर म्हणाले. "पन्नास वर्षं आम्ही बिनगाण्याचंच वाजवलं. आमच्यात कोण गात होतं? हा?" त्यांनी सुईनं माझ्याकडं दाखवलं. "याला तर बोलायलासुद्धा वेळ लागतो."

"तुमचं वेगळं आहे. तुमची गाणी लोकांना पाठ असतात. लोक मनात म्हणतात."

"तुझ्या त्या पोरीचं एखादं आहे का, लोकांना पाठ असलेलं?"

"आहे की. तेच. टाळ्यांचं."

"वाजव."

"आत्ता?"

"क्लॅरिनेटची पेटी कशाला आणलीस मग? गाडीत बसवून फिरवायला?"

अभिनंदननं पेटी उघडली, क्लॅरिनेट जोडलं आणि वाजवायला लागला.

पोरगं चांगलं वाजवतं, ते खोटं कशाला सांगू. समोरचा सायकलवाला पंक्चर काढायचा थांबला.

मास्तरांची सुई थांबली.

"परत."

त्यानं परत वाजवलं. त्याच ठिकाणी सुई परत थांबली.

"परत."

"काय चुकतंय ते सांगा ना!"

"तू दम घेतलास, तिथं शब्द काय आहे?"

अभिनंदननं क्लॅरिनेट तोंडातून काढलं.

"कुठं?"

"जिथं दम घेतलास."

"रविवार... रविवारचं काहीतरी आहे." तो आठवू लागला. "पुढं घर आहे. रिकामं घर..."

"मधे?"

"मधे..."

आठ वर्षं. चारशे कार्यक्रम झाले असतील. त्याला तो शब्द येत नव्हता.

आमच्या बँडचा एक रिवाज होता. नवीन गाणं आलं की दोन दिवस वाद्याला हात लावायचा नाही. सगळ्यांनी ओळीनं उभं राहायचं आणि पाढ्यासारखे शब्द म्हणायचे. मी ढोलवाला, तरी मलाही म्हणावे लागत. नाहीतर वाजवणारा शब्दाच्या मधेच दम घेतो आणि गाणं मोडतं. हा पोरगा दहा वर्षांचा असताना त्याच ओळीत उभा राहून गेला होता.

"मी वाजवत असतो, मास्तर. माझं लक्ष सुरात असतं."

"हं... लाव फोन."

"कुणाला?"

"ज्याचे शब्द, त्याला. विचार."

"तिला? आत्ता? मास्तर, मी तिला काय लिहून ठेवलंय माहीत आहे ना तुम्हाला?"

"ते नंतर. आधी शब्द विचार. आणि आवाज मोठा ठेव. मला एका कानानं कमी ऐकू येतं."

अभिनंदननं माझ्याकडं पाहिलं. मी कोटाकडं पाहिलं.

त्यानं फोन लावला.

"बोल रे अभ्या." मुलगी अगदी हळू बोलत होती. "थांब, बाहेर येते... हां, बोल."

"तुझ्या त्या गाण्यात... रविवारच्या पुढं काय आहे?"

"काय?"

"शब्द काय आहे?"

"आठ वर्षांनी विचारतोयस? परीक्षा आहे का कसली?" ती दबक्या आवाजात हसली. "रविवारच्या दुपारसारखं रिकामं घर."

"दुपारसारखं..."

"तू 'दुपा'नंतर दम घेतोस ना, तिथं."

अभिनंदननं हातातल्या क्लॅरिनेटकडं पाहिलं.

"अरे, म्हणून तर मी तो 'पा' ताणते. तू परत येईपर्यंत. नाहीतर तिथं भोक पडलं असतं."

"...कधीपासून?"

"पहिल्या कार्यक्रमापासून. तुला सांगायचं होतं, पण तुझं नाक लगेच लाल होतं. आणि लोकांना ती जागा आवडायला लागली, मग म्हटलं राहू दे." ती थांबली. "तुमचा चौघांचा अल्बम झाला म्हणे. मला पाठवलाच नाहीस. चांगला झालाय का?"

"झालाय," अभिनंदन म्हणाला.

"पाठव मग. चल, ठेवते. आईचा आत्ता कुठं डोळा लागलाय. रात्रभर कण्हत होती."

फोन बंद झाला.

आठ वर्षं तो त्या दुपारचे दोन तुकडे करत होता, आणि ती ते कुणाला न सांगता जोडत होती.

अभिनंदननं फोनकडं पाहिलं. लिहून ठेवलेला निरोप तिथंच होता.

"म्हणजे माझा अल्बम वाईट आहे?"

मास्तर बटण लावत राहिले.

"वाईट आहे का, मास्तर?"

"मी कुठं म्हणालो?"

"मग चांगला आहे?"

"ते तरी कुठं म्हणालो?"

"कधी म्हणणार मग?" अभिनंदनचा आवाज चढला. "लहानपणापासून हेच! विचारलं की बटण लावत बसायचं, नाहीतर तंबाखू मळत बसायचं. एकदा तरी धड सांगा. हा निरोप पाठवू का पुसून टाकू? हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा!"

त्याचं नाक खरंच लाल झालं होतं.

मास्तरांनी दोरा दातानं तोडला. कोट झटकला आणि बाजूला ठेवला. पोराकडं पाहिलं. मला वाटलं, आता हात धरतील त्याचा.

"वाजव," ते म्हणाले.

"काय वाजवू?"

"तेच."

अभिनंदननं फोन खाली टाकला आणि रागारागात क्लॅरिनेट तोंडाला लावलं. पहिलाच सूर असा आला की वरचा पत्रा दणाणला.

मास्तरांनी तळवा वर केला.

"हळू."

"आता हळू का?"

"तिची आई झोपलीय."

"फोन कधीच बंद झालाय, मास्तर!"

"असू दे," इलाही मास्तर म्हणाले. "ती झोपलीय. हळू वाजव."