दोन मुठींचे मशीन

हातातून सुटलेले मशीन चालू कसे राहिले?

हे मी दवाखान्यात विचारले. डॉक्टर म्हणाले, बाहेर थांबा. मुकादमाला विचारले. तो म्हणाला, वेळ आली की कोण काय करणार. हवालदाराने माझ्यापुढे कागद सरकवला आणि म्हणाला, "सही येते ना? मग इथं कर."

माझा दादा, रोहिदास, एका बंगल्याचे मेंदीचे कुंपण छाटताना शिडीवरून पडला. माणूस मरावा एवढी ती शिडी उंच नव्हती. पण त्याच्याबरोबर मशीनही खाली आले आणि ते थांबले नाही. मांडी चिरली. दवाखान्यात पोचेपर्यंत अंगात रक्त उरले नव्हते.

गुरू-शिष्याच्या गोष्टींत शेवटी शिष्याचे मन शांत होते. माझे झाले नाही. तरी सांगतो.

एक म्हातारा माळी होता. शहराबाहेर त्याची रोपवाटिका होती. झाड कसे वाढवावे आणि कसे आवरावे, हे पुष्कळ पोरे त्याच्या हाताखाली शिकली. त्यांत दोन भाऊ होते. मोठा गेला. धाकटा मी. म्हाताऱ्याला आम्ही आबा म्हणत असू.

कुंपण छाटायच्या मशीनला दोन मुठी असतात आणि दोन्ही मुठींना बटणे. दोन्ही दाबून धरली तरच पाती चालतात. कोणताही हात सुटला की थांबतात. मी कुंड्या भरायच्या कामावर, तरी मला एवढे ठाऊक होते. म्हणून माझा प्रश्न सुटत नव्हता. दादाचे मशीन गोणपाटात गुंडाळून शेडमध्ये ठेवले होते. एका सकाळी मी ते सोडून पाहिले. दोन्ही बटणांवर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधलेली होती. बटणे कायमची दाबलेली. मशीन चालू-बंद व्हायचे ते फक्त वायरीच्या टोकाला, भिंतीवरच्या बटणाने. दादा पडला तेव्हा ती भिंत बागेच्या दुसऱ्या टोकाला होती.

दादाबरोबर कामाला जायचा तो मोतीराम. मशीनची दुरुस्ती, तेलपाणी त्याच्याकडे. मी कोयता उचलला आणि त्याच्याकडे गेलो.

"पट्टी तू बांधलीस."

"कोयता खाली ठेव, लहान्या."

"बांधलीस की नाही, ते सांग!"

मोतीराम मागे सरकला नाही. त्याचे डोळे भरून आले. "तुझा दादाच म्हणायचा, दोन्ही हात मशीनला दिले तर नाक कोणी खाजवायचं? आम्ही हसायचो रे. सगळेच हसायचो."

दादा हे म्हणाला असणार. अगदी असेच म्हणाला असणार. त्यामुळे माझा राग आणखी वाढला. मी कोयता वर नेला. तेवढ्यात मागून आबांचा आवाज आला.

"लहान्या, मारायचं असेल तर मार. पण आधी खात्री कर. गाठ बघून माणूस ओळखू येतो. तू भिंतीकडे तोंड करून उभा राहा."

आबांनी कधी आवाज चढवला नाही, पण त्यांचा शब्द कोणी मोडला नाही. मी भिंतीकडे वळलो. कोयता हातातच होता. मागे माणसे गोळा झाल्याचे कळत होते. ट्यूब कापल्याचा आवाज आला, मग पट्ट्या ताणून आवळल्याचा.

"वळ आता," आबा म्हणाले.

जमिनीवर शेडमधली सगळी मशिने ओळीने मांडली होती. प्रत्येकाने आपापल्या मशीनला पट्टी बांधली होती. शेवटी गोणपाटावर दादाचे मशीन.

"यातलं मोतीरामचं कोणतं, सांग. दादाच्या गाठीशी ताडून बघ."

मी उकिडवा बसलो आणि एकेक गाठ चाचपू लागलो. पट्टी तशीच गुंडाळलेली, टोक तसेच आत खोचलेले. पुढच्या मशीनलाही तेच. त्याच्या पुढच्यालाही. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. एकही गाठ वेगळी नव्हती. समोर उभी असलेली माणसे आपल्या पायांकडे बघत होती.

"दादाची कुणी बांधली, आबा?" मी ओरडलो. "एक नाव सांगा. एकच."

आबा माझ्यासमोर खाली बसले. त्यांना गुडघे वाकवायला त्रास होतो, तरी बसले.

"ज्यानं हे मशीन बनवलं, त्यानं आपल्याला कधी पाहिलं नाही. तरी त्याला ठाऊक होतं की हा माणूस कधीतरी पडेल, आणि पडताना त्याचे हात उघडतील. म्हणून त्यानं थांबण्याची सोय हात उघडण्यातच ठेवली. आपण ती सोय बांधून टाकली. का, तर शिडी धरायला एक हात मोकळा हवा. पडू नये म्हणून, लहान्या. शिडी नको, फळी टाकून तिच्यावर उभे राहा, हे सांगणं माझं काम होतं. फळी टाकायला वेळ जातो आणि मुकादम घाई करतो, म्हणून मी पट्टी बघूनही गप्प राहिलो. तुला मारायला एक माणूस हवाय. तसा एक माणूस इथं नाही. या ओळीत आम्ही सगळे आहोत, आणि तुझा दादाही आहे."

मी कोयता खाली ठेवला. हलके वाटले असे लिहायला हवे, पण वाटले नाही. राग होता तोवर कुठे तरी जायची वाट होती. ती बंद झाली. वहिनीला काय सांगायचे, हे मला आजही कळत नाही. मोतीराम खाली बसून एकेक पट्टी कापत होता.

तुमच्याकडे कुंपण छाटायला माणूस आला, तर काम सांगण्याआधी त्याच्या मशीनच्या मुठी बघा.

पुढे आबांनी मला मशीन धरायला शिकवले आणि मगच मी मागितलेले काम दिले. दादा पडला होता त्या बंगल्यावर मी गेलो. तिथे अर्धे कुंपण सरळ होते आणि अर्ध्यावर फांद्या वेड्यावाकड्या वाढल्या होत्या. बरोबर मोतीराम होता. आम्ही भरलेल्या ड्रमांवर फळी टाकली, ती आवळून बांधली, वर उभे राहून हलवून पाहिली. मोतीरामने वायर माझ्या खांद्यावरून मागे सोडली. दादा जिथे थांबला होता, तिथे मी पाती टेकवली आणि दोन्ही मुठी दाबल्या.

थोडे कापून झाल्यावर मी मुद्दाम एक हात सोडला. पाती थांबली. लगेच थांबली. मी पुन्हा सुरू केले, पुन्हा हात सोडला. पुन्हा थांबली. असे मी किती वेळ करत राहिलो, कोण जाणे. मोतीरामने मान फिरवली.

खिडकीतून मालकीणबाईंनी विचारले, "काय रे, मशीन बिघडलंय का?"

"नाही बाई," मी म्हणालो. "चांगलं आहे."

मग उरलेले कुंपण मी दादाच्या रेषेला मिळवले, आणि खाली उतरून सगळा पाला गोळा केला.