सुईणीचे दोन चिंचोके

फार जुनी गोष्ट. नदीकाठच्या एका गावात एक सुईण होती. तिची निम्मी बाळंतपणं पलीकडच्या तीरावर, आणि नदी ओलांडायला गावात नाव एकच. ती कोणी चालवायची, हे दर दसऱ्याला ठरे. पारावर उमेदवारांची गाडगी मांडत. जो जो चालेल, त्याच्या गाडग्यात प्रत्येक घराने एकेक चिंचोका टाकायचा. एक चालला तर एकाच्या, सगळे चालले तर सगळ्यांच्या. ज्याचे चिंचोके जास्त, त्याची नाव.

उभे राहत तिघे. एक सुईणीचा भाचा. पोर गुणी, पण त्याला विचारतो कोण! दुसरा म्हातारा नावाडी, फाटक्या तोंडाचा, पण हाकेला हजर. तिसरा गोडबोल्या, ताडी चढली की हलायचा नाही.

पहिल्या वर्षी सुईणीने भिडेपोटी तिन्ही गाडग्यांत चिंचोके टाकले. सगळ्यांना दिलं म्हणजे कुणालाच दिलं नाही, हे तिला मागून कळलं. दुसऱ्या वर्षी वैतागून फक्त भाच्याला दिला. दोन्ही वेळा म्हातारा थोडक्यात हरला आणि नाव गोडबोल्याला मिळाली. पावसाळ्यात सुईण काठावर हाका मारमारून दमली. पलीकडे एक बाळंतीण दगावली.

तिसऱ्या दसऱ्याला तिचा जीव अगदी विटला होता. कोणी का येईना मेला, असं म्हणतच ती उठली. वाटेत भाच्याने गाठलं. म्हाताऱ्याला देऊ नकोस, त्यात माझंच नुकसान, म्हणाला.

"तुला देणारच रे," सुईण म्हणाली. "पण झुंज त्या दोघांत आहे. तिथे मी गप्प बसले, तर पुढची बाई माझ्यामुळे जाईल."

तिने दोन चिंचोके टाकले. गोडबोल्याचं गाडगं सोडलं. म्हातारा जेमतेम जिंकला. भाच्याने आत्याशी बोलणं टाकलं. तिला वाईट वाटलं, पण समजूत घालायचं त्राण नव्हतं.

आषाढात नदी फुगली. पलीकडून हाक आली. माहेरी गेलेली भाच्याची बायकोच अडली होती. गोडबोल्या पारावर पसरला होता. म्हाताऱ्याने साऱ्या गावाला शिव्या घातल्या आणि नाव सोडली. आत्या-भाचा नावेत भिजत बसले.

दिवेलागणीला बाळ रडलं. भाचा आत्याच्या पाया पडायला वाकला.

"पाया मागून पड," ती भिंतीला टेकत म्हणाली. "आधी त्या म्हाताऱ्याला गरम भाकरी वाढ."

तात्पर्य: आवडत्याला कौल द्यावाच, पण खरी लढत ज्या दोघांत आहे, त्यांतल्या बऱ्यालाही द्यावा, आणि वाईटाला भिडेखातर देऊ नये.