मास्तरांची प्रदक्षिणा

“…मग सही करणार तरी कधी, मास्तर?”

सुकुमार चौगुलेनं तिसऱ्यांदा विचारलं. दस्तगीर मास्तर चहात खारी बुडवत होते. ते बुडवतच राहिले.

मी बाजूच्या बाकड्यावर जळलेल्या मोटरीत नवी तार भरत होतो. मीही मास्तरांचाच चेला, सुकुमारच्या आधीचा. पण खरं सांगतो, हुशारीत मी त्याच्या पासंगालाही पुरणार नाही. आणि हे त्यालाही माहीत होतं, हीच तर पंचाईत.

टेबलावर कागद होता. गावाबाहेरच्या नव्या सूतगिरणीत मुख्य वायरमनची जागा होती. हाताखाली बारा माणसं. सुकुमारनं ‘लाइन बंद आहे’ म्हटलं, की त्या बाराजणांनी तारांत हात घालायचा. मालकानं अट एकच घातली होती : कागदावर उस्तादाची सही आण आणि सोमवारपासून ये.

“हात चांगला हाय तुझा,” मास्तर म्हणाले.

“मग अडलंय कुठं?”

“बघू.”

“बारा वर्षं बघायलाय की!”

मास्तरांची नजर भिंतीवरच्या खुंटीकडे गेली.

खुंटीला चामड्याचा एक पट्टा आहे, खांबावर चढताना कमरेला बांधतात तसला. तो जाफरचा. जाफर म्हणजे मास्तरांचा धाकटा भाऊ. सात वर्षांपूर्वी यंत्रमागाच्या एका कारखान्यात, भरदुपारी, ‘बंद हाय’ म्हणाला आणि हात घातला. तेच त्याचं शेवटचं बोलणं. त्या पट्ट्याला आम्ही कुणी हात लावत नाही. मास्तर मात्र रोज पुसतात.

“तुझा तो नवा टेस्टर दाव बघू,” मास्तर म्हणाले.

सुकुमारची कळी खुलली. त्यानं खिशातून पेनासारखा टेस्टर काढला. “तारेला टेकवायचीसुद्धा गरज नाही, मास्तर. नुसता जवळ न्यायचा. लाइन चालू असली तर वाजतो, बंद असली तर गप्प. तुमचा बल्ब आता ठेवा माळ्यावर!”

बल्ब म्हणजे मास्तरांचा टेस्ट लॅम्प. होल्डरला दोन वायरी, बाकी काही नाही. कामाला हात घालण्याआधी मास्तर तो अगोदर एखाद्या चालू प्लगला लावून बघतात. पेटला, की मग कामाच्या लाइनीला लावतात. तिथं नाही पेटला, तर पुन्हा मागं येऊन चालू प्लगला. तिथं पुन्हा पेटला, तरच पक्कड हातात घेतात. दहा मिनिटांचं काम असलं तरी हे चुकत नाही. आम्ही पोरं त्याला ‘मास्तरांची प्रदक्षिणा’ म्हणून हसायचो. सुकुमार तर नक्कलही करायचा.

मास्तर टेस्टर घेऊन आतल्या खोलीत गेले. थोडी खुडबुड ऐकू आली. बाहेर येऊन त्यांनी तो सुकुमारच्या हातात दिला आणि मोटरी चालवून बघायच्या बोर्डाकडे बोट केलं.

“ह्यो बोर्ड चालू हाय का बंद?”

सुकुमारनं झाकण उघडलं आणि टेस्टर तांब्याच्या तीन पट्ट्यांजवळून फिरवला. आवाज नाही.

“बंद.”

“नक्की?”

“नक्की.”

“मग लाव हात.”

मी उठणार होतो, पण मास्तरांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जागेवरच बसलो.

सुकुमार हसला. तिन्ही पट्ट्यांना त्यानं एकेक बोट टेकवलं. काही झालं नाही.

“झालं? करा आता सही.”

“ह्या पंख्याच्या वायरीला लाव जरा टेस्टर.”

टेबलफॅन गरगरत होता. मास्तरांच्या चहावरची वाफसुद्धा त्यानं ठरू दिली नव्हती. सुकुमारनं टेस्टर वायरीजवळ नेला.

आवाज नाही.

त्यानं टेस्टर हलवला. बटण दाबलं. पुन्हा नेला. पंखा फिरत होता आणि टेस्टर गप्प होता…

सुकुमारचं तोंड पांढरंफटक पडलं. त्यानं आपल्या बोटांकडे बघितलं, मग बोर्डाकडे. तो स्टुलावर बसला.

मास्तरांनी एका खिशातून टेस्टरमधले दोन छोटे सेल काढून टेबलावर ठेवले. दुसऱ्या खिशातून तीन फ्यूज काढले, आतल्या खोलीतले, त्याच बोर्डाचे. तेही सेलशेजारी ठेवले.

मला राग आला होता. असली परीक्षा घेतात होय? पण मास्तर सुकुमारची बोटं हातात घेऊन एकेक तपासत होते. ते मी बारा-पंधरा वर्षांत पहिल्यांदाच बघितलं, आणि माझा राग तिथंच विरला.

सुकुमारची नजर त्या तीन फ्यूजांवर खिळली होती. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर रंग आला.

“म्हणजे… बोर्ड बंदच होता?”

“बंदच होता.”

“मग मास्तर, मी चुकलो कुठं?” त्याचा आवाज चढला. “मी बंद म्हटलं, आणि बंदच होता. मी बरोबरच होतो की!”

मास्तर उठले. खुंटीवरचा पट्टा काढला. आमच्यापैकी कुणाच्याही हाती कधी न दिलेला तो पट्टा त्यांनी सुकुमारच्या मांडीवर ठेवला. कागदाची घडी केली आणि सही न करताच त्याच्या खिशात सरकवली.

“जाफरसुद्धा चौदा वर्षं बरोबरच होता.”